आबांनी बंद केलेली फोडणी

जळगाव, ता. १० मे १९४२

चि. चुडामण यास अक्काचे आशीर्वाद. सगळे खुशाल, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. खरं तर मी वैतागले आहे.

एआरपीच्या, त्या हवाई हल्ल्यापासून बचावाच्या, वर्गात चार गोष्टी शिकलास आणि इथे ओट्यावर बसून गॅसचं व्याख्यान झोडलंस. एका गॅसला म्हणे लसणासारखा वास येतो, तो जड असतो, खोलगट जागी साचतो, अंगाला लागला तर ब्लीचिंग पावडर चोळायची. आबांसमोर हे बोलायची काय गरज होती? तेव्हापासून ते मला लसणाची फोडणी घालू देत नाहीत. रोज वर, घराच्या धाब्यावर झोपतात. विहिरीत टाकायला आणलेली पावडर त्यांनी उंबऱ्यावर, पायरीवर, अगदी तुळशीतही ओतली. तुळस वाळली. सासूबाई म्हणतात, बापाला लेकीच्या दारी किती दिवस ठेवायचं? घेऊन जा रे बाबा त्यांना. सुनंदाला जप, पोटुशी आहे ती.

तुझी अक्का, ताईबाई


धुळे, ता. १५ मे

ती. अक्कास चुडामणचा शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून मीही कपाळाला हात लावला. गेल्या लढाईत आबा फ्रान्सला गेले ते मजूर पलटणीत, लाकडं वाहायला. गॅस पाहिला असता तर इतक्या वर्षांत एकदा तरी बोलले नसते? म्हातारपणी नसते लाड पुरवून घेतात, दुसरं काय! जपान जळगावच्या कापसावर गॅस टाकणार आहे होय? इथे खोली एक, त्यात सुनंदाचे दिवस भरत आलेत. महिनाभर कळ काढ. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा चुडामण


जळगाव, ता. २२ मे

चि. चुडामण यास आशीर्वाद. मंगळवारी माझ्या धाकट्याला, वनाला ताप होता. सासूबाईंनी मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढून निखाऱ्यावर टाकली. ठसका उठला, म्हणजे दृष्ट नव्हतीच. पण आबा ओलं धोतर तोंडाला लावून धावत आले, सासूबाईंच्या मांडीवरून पोर ओढलं आणि धाब्यावर चढले. गल्ली गोळा झाली. काही केल्या उतरेनात. मी वर गेले ती भांडायलाच. तुम्ही माझं नाक कापलंत, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले.

तेव्हा आबा बोलले. पारोळ्याचा उखर्डू त्यांच्या जोडीला होता. तिकडचं अळणी खाऊन दोघांचा जीव विटलेला. एका संध्याकाळी वाटेतल्या खड्ड्यातून लसणाचा वास आला. उखर्डू म्हणाला, "आपला गावना कोनी शे, फोडनी दी राहिना." आपल्याकडचाच कोणी फोडणी देतोय असं समजून हसत खाली उतरला. आबांच्या खांद्यावर ओंडका होता, म्हणून ते वरच थांबले. सकाळपर्यंत उखर्डूचे डोळे सुजून मिटले, अंगभर फोड आले. चार दिवसांत गेला रे.

वनाचा ताप उतरला. आबांचं ताट आता सासूबाई स्वतः वर नेतात, घेऊन जा म्हणत नाहीत. पण आबा सारखं एकच विचारतात: तेव्हा ती पावडर असती आणि लगेच चोळली असती, तर उखर्डू वाचला असता का? मला काय कळतं त्यातलं? तू ये आणि सांग. जेवण सुटलंय त्यांचं.

अक्का


धुळे, ता. २६ मे

ती. अक्कास शि. सा. न. मी रविवारी येतो. मागच्या पत्रात आबांबद्दल जे लिहिलं त्याची लाज वाटते.

वर्गात आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं: अंग लगेच पुसून पावडर चोळली, तर माणूस बहुतेक वाचतो. आबांना मात्र मी सांगणार आहे की त्या पावडरीनं काहीच झालं नसतं. मी हे बोलेन तेव्हा तू माझ्या तोंडाकडे पाहू नकोस.

तुझा धाकटा,
चुडामण