मोडलेल्या लग्नाचं पाकीट

अण्णा,

आज मला नवी पेठेत जाऊन आहेराचं पाकीट विकत घ्यावं लागलं. आपल्या घराण्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली असावी. वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं, कडेला सोनेरी वेलबुट्टी, आणि कागद इतका गुळगुळीत की त्यावर कुठलंही पेन उमटत नाही. तीन पेनं घासून पाहिली. शेवटी जे उमटलं त्यावरून देणारी मी आहे की एखादा डॉक्टर, हे घेणाऱ्यानं ठरवावं. परत जाऊन दुकानदाराला म्हटलं, यावर लिहिता येत नाही हो. तो म्हणाला, "मॅडम, लिहितंय कोण आता?" त्याचंही बरोबर आहे. हल्ली पत्रिकाच मोबाईलवर येते. ती काय कपाळ कापणार?

कचेरीतली कारकुनी करून उरलेल्या वेळात तुम्ही वस्तूंना मरू देत नव्हता. बंद गिरणीतल्या मागाचा लाकडी धोटा आपल्याकडे पेनं ठेवायला आला. मोडक्या छत्रीच्या कापडाची बाजाराची पिशवी झाली आणि तिच्या तारांची पापड भाजायची जाळी. आई म्हणायची, "मी जरा म्हातारी झाले की हे माझं स्टूल करतील." तुम्ही तिच्याकडे क्षणभर असे बघायचा की जणू मापच घेताय. आता याला कला म्हणतात. आमच्या सोसायटीतली एक मुलगी रिकाम्या बाटल्यांना सुतळी गुंडाळते आणि लोक त्या दिवाणखान्यात मांडून वर लाईट सोडतात. तुमच्या वेळी याला चिकूपणा म्हणत. तुमचा काळ चुकला, एवढंच.

पण तुमचा खरा जीव लग्नपत्रिकांवर. वर गणपती असतो, तेव्हा कचऱ्यात टाकायची नाही. गणपती कापून घ्यायचा, तो पुस्तकात खुणेला. उरलेल्या जाड कागदाची, छपाई आत जाईल अशी घडी घालून आहेराची पाकिटं करायची. हे काम माझ्याकडे असे. मैद्याची खळ, आईची कात्री, बुडाखाली पाट. नियम एकच होता. "आधी वाच, मग काप. मोडलेलं लग्न आणि गेलेलं माणूस, या पत्रिकांना कात्री लावायची नाही. त्या तळ्यात सोडायच्या."

समोरच्या घरातल्या ताईचं पहिलं लग्न पत्रिका वाटून झाल्यावर मोडलं. मुलाकडच्यांना आयत्या वेळी स्कूटर आठवली. दोन वर्षांनी वळसंगच्या एका शेतकरी घरात तिचं जमलं, तेव्हा मागचा विषय कुणी काढला नाही. सगळ्या गल्लीनं तोंडाला कुलूप लावलं होतं. तुम्ही लग्नाला गेलात आणि ताईच्या हातात पाकीट दिलंत. आठ दिवसांनी तिच्या सासरी पाकिटं उघडायला घेतली, तर आपली खळ पातळ, एक पाकीट हातातच उलगडलं. आत ताईचं नाव आणि शेजारी भलत्याच मुलाचं. बाहेर तुमचं नाव, सुवाच्य अक्षरात. दुसऱ्या दिवशी ताई ट्रंकेसकट माहेरी.

तुम्ही रागावला नाहीत. मला इतकंच विचारलंत, "वाचलं नव्हतंस ना?" मी मान हलवली. मान हलवण्याची सोय अशी की अर्थ समोरच्यानं लावायचा. तुम्ही माझ्या सोयीचा लावलात आणि रविवारी मला घेऊन वळसंगची एसटी पकडलीत.

त्यांच्या ओसरीवर घोंगडं अंथरलंय. माझ्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा आहेत आणि मी त्या एकेक करून फोडतेय, म्हणजे वर बघायला नको. ताईची सासू उंबऱ्यात बसून बोलतेय. "शिकलेली मान्सं तुमी. पाकिटाला चार आनं सुटंनात व्हय?"

"माझ्या हातून झालं," तुम्ही म्हणता. "ताईचा यात काही दोष नाही."

"मग आदी सांगायचं की. आमी काय वाघ हाय? आन् ह्यो पैला कोन म्हनायचा?"

"कुणी नाही. स्कूटर मागत होता."

ताईचे सासरे शेंगांची टरफलं झटकून विचारतात, "मिळाली का मग त्याला?"

"अजून सायकलवरच हिंडतोय."

म्हातारा हसला. सासू नाही हसली, पण बोलायची थांबली. दीड महिन्यानं ताईला न्यायला माणूस आला.

ताईचा संसार चांगला झाला. तुम्हाला मात्र तिनं माफ केलं नाही. सासरी उणंदुणं निघालं की ते पाकीट आधी निघायचं. माहेरी आली तरी तुम्ही दिसलात की ती दुसरीकडे बघायची. तुम्ही गेलात तेव्हा आईला भेटायला आली, पण तुमच्या फोटोसमोर उभी राहिली नाही. माझ्याशी कायम गोड. पस्तीस वर्षं मी तो गोडवा पचवला. या काळात पेपरातल्या माझ्या सदरात लोकांच्या ढोंगांवर भरपूर लिहिलं. मजकूर कमी पडला तेव्हाही हे एक ढोंग छापायला दिलं नाही.

आजचं लग्न तिच्या मुलाचं होतं. शेवटची पंगत बसली होती. पाय दुखतात म्हणून ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मी म्हटलं, "ताई, ते पाकीट अण्णांनी नव्हतं केलं. मी केलं होतं."

"कुठलं?" असं म्हणतानाच तिला कळलं. पदर सारखा करता करता हात थांबला. मग म्हणाली, "लहान होतीस गं. न वाचता कापलं असशील."

सुटायला दार उघडं होतं. "वाचलं होतं," मी म्हटलं. "दोघांची नावं, मुहूर्त, सगळं. कागद फार चांगला होता. तळ्यात सोडवेना."

तिनं राहिलेला पदर सारखा केला. "कागद चांगला होता खरा," म्हणाली. "बाबांनी मुद्दाम पुण्याहून आणवला होता." वाढपी वाकला, तिनं त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं. "इतकी वर्षं मी अण्णांच्या नावानं खडे फोडले की."

"हो."

"आता तुझ्या नावानं फोडीन."

"फोड."

"आधी जेव. शेंगापोळी घे, संपत आलीय." आणि ती उठून विहीणबाईंकडे गेली. मी शेंगापोळी घेतली. बरी होती. मन हलकं वगैरे होतं म्हणतात, तसं काही झालं नाही.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, तेव्हा आणखी एक लिहून टाकते. वळसंगहून परत येताना तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत, आणि वाटेत माझं डोकं हळूच आपल्या खांद्यावर टेकवून घेतलंत. मी झोपले नव्हते, अण्णा. तुम्ही काही विचाराल म्हणून सोलापूर येईपर्यंत डोळे मिटून बसले होते.