आधी प्रेस, मग छप्पर

वडनेर भोलजी,
५ नोव्हेंबर २०१७

प्रिय शिवमदादा,

सप्रेम नमस्कार. तू बरा असशील असं धरून चालते, कारण फोन तर तू उचलत नाहीस. राजकोटचं पाणी मानवलं का? आई ठीक आहे. गाय व्यायली, कालवड झाली. हे पत्र सरकीच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतेय, म्हणजे लवकर पोचेल.

गावानं मिळून काढलेल्या जिनिंग कारखान्याचं म्हणशील तर फाटक बसलं, कंपाउंड झालं, भिंतींना रंगसुद्धा लागला. येणारा-जाणारा बाबांचं कौतुक करतो. तू लावलेला कामांचा तक्ता अजून भिंतीवर आहे. ज्या कामांना वेळेची ढील होती ती सगळी वेळेआधी झाली. लाल रेघेवरचं, जे लांबलं की सगळंच लांबतं असं तू सांगायचास, ते मात्र तसंच आहे. रुईच्या गाठी बांधायची प्रेस अंगणात ताडपत्रीखाली आडवी पडली आहे.

होय, छप्पर चढवलं. तू सभेत घसा फोडून सांगितलंस, "प्रेस उंच हाय, वरूनच उतरवा लागन. आधी प्रेस, मंग छप्पर!" आणि बाबा अध्यक्षाच्या खुर्चीतून गरजले, "सीतादहीचा पह्यला कापूस उघड्यावर ठेवू काय बे? चालता हो!" तू खरंच चालता झालास. दोघंही एकाच माळेचे मणी! प्रेस यायला उशीर झाला आणि बाबांना हातावर हात ठेवून बसवेना. वेचणीआधी सीतादहीला बायकांनी शेतात दहीभात वाहिला, पहिला कापूस वाजतगाजत आणून नव्या पत्र्यांखाली ठेवला. मीही नाचले. मग प्रेस आली, आणि आत न्यायला वाटच नव्हती.

यंदा बीटी पेरूनही बोंडात गुलाबी अळी. जे चांगलं हाती लागलं ते बाबांच्या शब्दावर लोकांनी व्यापाऱ्याला न देता घरात भरून ठेवलंय. आशाबाईंकडे कापूस खोलीत आणि माणसं ओट्यावर झोपतात. अळ्या भिंतीवर चढतात. काल त्या दारात येऊन म्हणाल्या, "पोरी, अमावस्येपरेंत वाट पाह्यतो. मंग व्यापाऱ्याची गाडी बोलावतो. तुह्या बाबाले, भगवानरावले सांगजो, राग नको धरू म्हना." त्यांनी कापूस विकला की मागे कोण थांबणार? आणि कापूसच गेला तर जिनिंग कशावर चालवायची? दादा, मला काही सुचत नाही. खरंच सुचत नाही.

मलकापूरचे क्रेनवाले अब्दुल गनीभाई यायला तयार आहेत. पण म्हणतात, "खालून इशारा द्याले शिवम पाह्यजे. दुसऱ्या कोनाच्या हातावर मी एवढं वजन उचलत नाही."

बाबा बरे आहेत, असं लिहायला आईनं सांगितलं होतं. नाहीत बरे. मंगळवारी कोणाला न सांगता ते पाना घेऊन एकटेच छपरावर चढले. पत्रे खोलत होते. बरेचसे निघाले, आणि मग ते खाली पडले. खुबा मोडलाय. गावाला सांगितलंय की न्हाणीत घसरले. परवा ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात हृदय कमजोर आहे, काही सांगता येत नाही. मला फार भीती वाटते.

तुला कळवू का विचारलं तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पण नंतर, इंजेक्शनच्या गुंगीत, हात वर केला. तळवा खाली धरून, बोटं हलवत, तो हळूहळू खाली आणला. नर्सला वाटलं पाणी मागतायत. मी ओळखलं. क्रेनवाल्याला 'हळू उतरव' सांगायचा तुझा इशारा, तू आम्हाला अंगणात शिकवलेला. पुन्हा पुन्हा तेच करत होते.

छप्पर उघडं आहे, दादा. बाबांनीच उघडलंय. ये.

तुझ्यावाचून अडलेली,
प्रेरणा