आईला चढवलेलं रक्त

सातारा,
१२ ऑक्टोबर १९४९

ती. आईस, प्रभावतीचा जयजिनेंद्र.

मी बरी आहे. शाळेत सातवीचा वर्ग मिळाला. सकाळी गारवा असतो. तू दिलेली चौघडी पांघरते. पत्र शांतिनाथदादाच वाचून दाखवील. दादा, सावकाश वाच आणि काही गाळू नकोस.

गावाकडची रंगुबाई इथे भेटली होती. आई, तू म्हणे बस्तीत देवासमोर जात नाहीस, देवळाच्या दारातूनच हात जोडतेस. "कुणा मांस खाणाऱ्याचं रगत हाय माझ्यात, देवाजवळ कशी जाऊ?" असं म्हणतेस.

पायाच्या शिरेतली गुठळी वाढू नये म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या, तेव्हा मी समोर होते. "जेवण कमी करू नका, गोळीचा जोर वाढतो. कुठूनही रक्त आलं तर गोळी बंद करून तसंच इकडे या," असं त्यांनी बजावलं होतं. दशलक्षणाचे दहा दिवसांचे उपास आले. तू एकदाच जेवू लागलीस, पालेभाजी सोडलीस. गोळी मात्र नेमानं घेतलीस. मी रजा काढून आले तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं, उशीवर डाग होते. मी गाडी जुंपायला सांगितली.

"उपासाची उष्णता हाय ती," दादा म्हणाला. "बी.ए. झालीस म्हणून लय भ्या दावू नकोस. पारण्याला गाव जेवायचाय. तवर गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी तुला काळी उलटी झाली, तू डोळे उघडेनास. मग गाडी जुंपली.

दवाखान्यात घरच्यांचं रक्त मागितलं. दादानं बाही खाली ओढली. "मला उसात राबायचं हाय. ताकद नको व्हय?"

माझं जुळलं. शेजारच्या खाटेवर पडून मी माझ्या रक्ताची बाटली तुझ्या दंडात रिकामी होताना पाहत होते.

दवाखान्याच्या ओसरीवर दादा मला म्हणाला, "आईला दवाखान्यातलं कुणाचं तरी हाय म्हणायचं. ल्योक मागं सरला आन लेकीनं दिलं, हे गावात नको." तू अशक्त होतीस, म्हणून मी गप्प राहिले. पण तू दाराशी थांबावंस आणि दादानं आत अभिषेक करावा, हे मला सोसवत नाही.

मी कॉलेजातही तुझ्या हातचं पीठ, तुझी चटणी खाऊनच राहिले. तेच रक्त तुझ्यात आहे. उद्या आत जा. हिरड्यांतून पुन्हा रक्त आलं तर दादाला विचारू नकोस. रायगोंडामामाला गाडी जुंपायला सांग.

दिवाळीला येते आहे. दादा, आल्या आल्या मी आईला विचारणार आहे, पत्रात काय काय होतं ते.

तुझी लेक,
प्रभावती