माल्टाचा होतकरू प्रॉप

३ मार्च, सकाळी ७.१०
वजन ११७.४ किलो. वय ४४. आजपासून मोहीम सुरू : रग्बी लीगमध्ये माल्टाच्या राष्ट्रीय संघातून खेळायचं. एक सामना तरी. प्रॉप म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी. तो लोणच्यासारखा मुरावा लागतो. नियम स्वच्छ आहे. आई-वडील किंवा आजी-आजोबा जिथे जन्मले, त्या देशाकडून खेळता येतं. इंग्लंडने मला पंचवीस वर्षं ओळखलं नाही. भोगा म्हणावं.

५ मार्च
आईकडे तिचा जन्मदाखला मागितला. ती माल्टात जन्मली, तिसऱ्या वर्षी इथे इंग्लंडात, फेदरस्टोनला आली. म्हणाली, "एकदा माल्टा दाखव म्हणून घसा कोरडा केला, तेव्हा तुला लोकांच्या मोऱ्यांत फरश्या बसवायच्या होत्या. आता बरा पुळका आला!" दाखला दिला. भावनावश झाली असावी.

११ मार्च
माल्टा संघाच्या कोचला पाठवायची फाइल तयार. ३८ पानं, सूची वेगळी. माझी कारकीर्द : क्लबचा तिसरा संघ, २११ सामने, ४ ट्राय, म्हणजे चार वेळा चेंडू समोरच्यांच्या रेषेपार टेकवला. (पाचवा रेफरीने ढापला.) शेवटी वंशावळ, चार रंगांत. अर्धवट काम आपल्याला जमत नाही, म्हणून जोआनताईचा मुलगा कॅलमही घातला : वय २३, उंची, वजन, व्यावसायिक क्लब. बायको म्हणाली, "तुझ्या अर्जात भाच्याचं वजन कशाला?" गिलियनला पद्धतशीरपणाचं वावडं आहे.

२० मार्च
पळायला सुरुवात. गारठा होता. उद्या.

२१ मार्च
सामन्याआधी गुडघे वापरून टाकणं मूर्खपणाचं. खिमा भरलेले दोन मीट-पाय खाल्ले. प्रोटीन.

२ एप्रिल, दुपारी १.०५
कोच ब्रॉडीचा फोन! मूळचा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचा. म्हणाला, "डॅरेनराव, फाइल बघून गार पडलो." माल्टा कसा आहे, विचारलं. म्हणाला, "मी कुठे पाहिलाय! संघात एकाने पाहिलाय, हनीमूनला." शनिवारी चाचणी.

६ एप्रिल
चाचणी. सहा वेळा टॅकल करून पाडलं की चेंडू समोरच्यांना जातो. मी दुसऱ्यालाच खाली बसलो. डावपेच. ब्रॉडी ओरडला, "डॅरेनराव, उठताय की क्रेन मागवू?" मला गाडीतून आणणारा कॅलम तात्पुरता माझ्या जागी उभा राहिला. त्याने तिघांना आडवं केलं. ब्रॉडी त्याच्याकडे बघतच राहिला. मग माझी फाइल उघडली. मागून.

१५ एप्रिल
संघ जाहीर. प्रॉप : कॅलम. माझी आई ती त्याची आजी. दाखल्याची प्रत माझ्याच फाइलमधली. जोआनताई फोनवर रडली. मी यादी तीनदा वाचली. छपाईत कधीकधी नाव गळतं. ब्रॉडीला विचारलं. गळलं नव्हतं.

२७ एप्रिल, सायंकाळी ५.४०
माल्टा जिंकला. कॅलमचा एक ट्राय. आई बाकावर चढून "आमचा आहे तो, आमचा!" ओरडत होती. खाली उतरवायला दोन माणसं लागली. सामन्यानंतर ब्रॉडीने मला मिठी मारली. म्हणाला, "सगळं तुमच्यामुळे!" मी म्हटलं, पुढच्या सामन्याला राखीव म्हणून मी तयार आहे, बूट गाडीतच आहेत. म्हणाला, "बूट राहू द्या. बहिणीला आणखी कुणी आहे का? मुलींचाही संघ काढतोय."

आहे म्हटलं, एक मुलगी. त्याने उंची विचारली.

१७६.५ सेंटिमीटर. सांगितली.