दुसरी बादली

ती. स्व. दादा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (यातलं आज फक्त शिर चालू आहे. बाकीची अंगं वाकायला तयार नाहीत, तेव्हा भावना तेवढी पोचवून घ्यावी.) आपली आणि वहिनींची प्रकृती ठणठणीत असेलच. इकडेही सगळं क्षेम आहे असं लिहायला गेलो आणि हात अडखळला. दोन गल्ल्या सोडून राहणारा माणूस पत्र का पाठवतोय, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला आहे आणि काल मी पूर्ण मॅरेथॉन पळालो आहे. इस्त्रीवाला कपडे न्यायला येईल, त्याच्या हाती हे देतो. कृपा करून वहिनी आसपास नसताना वाचा. विषय तुमच्या बहिणीचा आहे.

तुम्हाला खरं सांगतो, मी मॅरेथॉन पळतो ती दुसऱ्या दिवसासाठी. पळण्यात कसलं आलंय सुख? सुख सोमवारी. रजा आधीच टाकलेली असते. सकाळी कठडा धरून जिना उलटा उतरायचा (मांड्या सरळ उतरू देत नाहीत, आणि उलटं उतरताना शेजारी आपोआप वाट देतात). गळ्यात पदक घालून पेपर घ्यायचा. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना गाठून शर्यत अगदी बूट बांधण्यापासून ऐकवायची. एरवी ते लोकांना तोंड उघडायला लावून स्वतः बोलत असतात, वर्षातून एकदा त्यांनीही ऐकावं. मग बादलीत गरम पाणी आणि मीठ घालून पाय सोडायचे, काळ्या पडलेल्या नखाची पाहणी करायची, दुपारी भिंतीला पाय टेकवून आडवं व्हायचं, आणि मधल्या वेळात दिसेल ते खायचं. चहा, टॉवेल, उशी, सगळं हातात मिळतं. तुमची बहीण कुरकुरत देते, पण देते. ऑफिसात माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही आणि घरात टीव्हीचा रिमोट माझ्या वाट्याला येत नाही. वर्षातला हा एकच दिवस माझा असतो, दादा. तो माझ्याकडून काढून घेण्याचा घाट घातला जातोय, असा मला दाट संशय आहे.

संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, हे तुम्ही जाणताच. गाडीला पडलेला पोचा नुसता बघून मी सांगतो की धडक खरी की विम्यासाठी केलेला बनाव. बावीस वर्षांत मला कोणी चकवलेलं नाही. त्याच नजरेने पाहिलेल्या गोष्टी तुमच्यापुढे ठेवतो.

कालपासूनच सुरू करतो. शर्यत संपते तिथे ही आजवर कधी फिरकलेली नाही. काल मात्र मी धापा टाकत पोचलो तर ही आधीच हजर. म्हणजे फूटपाथवर बसलेली. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, हातात केळ्याची साल. माझ्याविषयीच्या अभिमानाने तिला भरून आलंय असं समजून मी तिला धीर दिला. (केळं मात्र माझ्यासाठी राखलं नव्हतं. हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.)

आज सकाळी मी जिना उलटा उतरत होतो. वर पाहतो तर ही माझ्यामागून उतरतेय, तीही उलटी, तीही कठडा धरून. मी विचारलं, हे काय? म्हणाली, तुमची सोबत. खाली दंतवैद्य भेटले, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दोघांचंही अभिनंदन केलं. मी मान डोलावली, कारण बायकोने सोसलं त्याचंही कौतुक व्हायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण मी गोष्ट सुरू केली तर ते मला सोडून हिलाच विचारू लागले की पुलाचा चढ कसा वाटला. चढाचं तिला काय विचारायचं? मी वर आलो, म्हणजे बऱ्याच वेळाने आलो, तर माझ्या बादलीशेजारी दुसरी बादली. तीत हिचे पाय. मीठ संपलेलं. खुर्चीतून उठताना मी 'आई गं' म्हणतो, तर आज माझ्याआधी ती म्हणते. चहा मागितला तर माझ्याकडे पाहून म्हणाली, मीही तेच म्हणणार होते.

आणखी एक. गेले आठ महिने ही रोज संध्याकाळी शिवणाच्या क्लासला जाते. घामाघूम होऊन परत येते. माझ्या निळ्या शर्टाचं बटण अजून तुटलेलंच आहे.

या सगळ्यावरून माझा निष्कर्ष पक्का आहे. ती माझी नक्कल करते आहे. वेडावून दाखवते आहे, म्हणजे लाजून मी पळणं सोडीन आणि सोमवारचा चहा करण्यातून तिची सुटका होईल. एवढं डोकं तिचं एकटीचं नाही, तुमचा त्यात हात असावा. थोरले भाऊ या नात्याने तिला चार शब्द सुनवा.

लोभ आहेच. तो सध्या कोणाच्या बाजूने आहे, ते कळवावं.

आपला,
जावई नव्हे, आज नुसता रुग्ण

ता. क. हे तिने वाचलं. (लपवायला उठावं लागलं असतं.) गाऊनच्या आतून पदक काढून माझ्या पदकाशेजारी ठेवलं. मी दोन्ही उलटसुलट करून तपासली. बनाव नाही. शिवणाचा क्लास म्हणजे मैदान, आणि पुढे सायकलवर तिला वेग सांगणारे तुम्ही. दादा, मला मेव्हण्याकडून ही अपेक्षा नव्हती. पत्र फाडून नवं लिहिलं असतं, पण कोरे कागद आतल्या खोलीत आहेत.

ता. क. २. ती माझ्याआधी पोचली, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पुलाच्या चढावर तिने मला गाठलं म्हणे. तेव्हा मी एका खांबाला धरून डोळे मिटून उभा होतो. एवढा खटाटोप कशासाठी, असं मी विचारलं. तर म्हणाली, "पळायची हौस नव्हती हो मला. तुम्ही दरवर्षी सोमवारी बसता ना, तसं एकदा बसायचं होतं." राग आला, अभिमान वाटला. भूकही लागली.

ता. क. ३. मुद्द्याचं राहिलंच. दोघांपैकी कोणीही ओट्यापर्यंत जाऊ शकेल असं दिसत नाही. वहिनींना सांगून रात्रीचं जेवण घेऊन या. येताना मीठही आणा. दार उघडंच आहे.

ता. क. ४. दादा, हे मी लिहितेय. जेवण आण, पण मुळीच घाई करू नकोस. हे आत्ता माझ्यासाठी चहा करायला उठलेत. भिंत धरून निम्म्या वाटेवर पोचलेत आणि साखर कुठे असते ते विचारतायत. मी सांगणार आहे, पण बसल्या बसल्या.