बॅडमिंटनवाल्यांना ‘हलू नका’ सांगितलं, त्याबद्दल

तीर्थस्वरूप काका,

नमस्कार. गुडघा कसा आहे? काकू सांगते की दुकान बंद केल्यापासून तुम्ही कॅमेऱ्याला हात लावलेला नाही, दिवसभर समोरच्या भिंतीवरचं ऊन बघत बसता. (ऊन बघत असाल तर हरकत नाही, तो आपला धंदाच.)

मला बॅडमिंटन क्लबात फोटो काढायचं काम मिळालंय, सुरुवातीला तात्पुरतं होतं. तुमच्या हाताखाली शिकले हे सेक्रेटरींना अभिमानाने सांगितलं. आपल्या दुकानात कधी कोणी उडी मारली नव्हती, हे तेवढं राहून गेलं. पहिल्याच सामन्यात एक मुलगी फटका मारायला उंच उडाली आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, “हलू नका हं, हनुवटी जरा खाली.” तिने बिचारीने खरंच हनुवटी खाली घेतली. शटल डोक्यावर पडलं. पंच म्हणाले, “ताई, पासपोर्ट काढायचाय का तिचा?” मी दोघी खेळाडूंची, पंचांची आणि (शेजारीच उभे होते म्हणून) झाडूवाल्या मामांचीही माफी मागितली. दुसऱ्या दिवशी तोंड बंद ठेवलं, पण उजेड कमी म्हणून फ्लॅश मारला. आता दारावर फ्लॅशला मनाईची नवी पाटी आहे आणि जो तो ती मलाच दाखवतो. फ्लॅशविना शटरचा वेग वाढवावा तर काळोख, कमी करावा तर माणसांच्या जागी धूर. एका फोटोत रॅकेट स्वच्छ आली आहे, धरणारं कोणी नाही.

अशा वेळी दुकान फार आठवतं. बाळ रडत असलं की तुम्ही खुशाल चहा पीत बसायचात आणि मी स्टुलावर दिव्याची छत्री धरून उभी, हात भरून आले तरी गप्प. शेवटी बाळच कंटाळून तुमच्याकडे बघायचं, आणि झाला फोटो. मला वाटायचं, जगातली सगळी माणसं आपल्यासाठी थांबतात. इथे कोणी थांबत नाही, काका. काल फक्त हरलेली मुलगी थांबली होती, बाकावर, एक बूट काढून. तिचा काढला. सेक्रेटरी तो बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “उद्यापासून कायम या.”

तुमची,
धाकटी

ता. क. रविवारी बक्षिसांनंतर अख्ख्या क्लबचा एकत्र फोटो आहे. सगळे उभे, कोणी हलणार नाही. हा तरी मला जमला असता, पण जमणार नाही म्हणून सांगितलं (खोटं बोलले, मन खातंय) आणि तुम्ही याल असं कबूल करून बसले.

ता. क. २. नाही म्हणायचं असेल तर काकूजवळ म्हणा. तिला मी आधीच विचारलंय. ती म्हणाली, “येतील गं, आधी दोन दिवस नाही म्हणू दे त्यांना.”