पुसलेला मंगळ

प्रिय दिव्या, सुखात राहा.

आपल्या ज्ञातिमंडळाची वधूवरांची यादी नवघरच्या कार्यालयात कॉम्प्युटरवर मीच सांभाळतो. मंगळामुळे तुझी दोन स्थळं परत गेली आणि तुझी आई, माझी शालूताई, जेवेनाशी झाली, तेव्हा कुणाला न विचारता मी तुझ्या नोंदीतला मंगळ पुसला. तुझं लग्न ठरलं. मग मुलाकडच्यांनी जन्मवेळेवरून पत्रिका पुन्हा काढली आणि सगळं मोडलं. मंडळाने पोलिसांत तक्रार केली. ठाण्यातले साहेब म्हणाले, "काका, कॉम्प्युटरमधली माहिती परवानगीशिवाय बदललीत, हा गुन्हा आहे. तीन वर्षं आत जाल."

वकील म्हणतात, "भाचीकडून लिहून आणा, तिनेच बदलायला सांगितलं म्हणून. प्रकरण हलकं होईल."

तेच मागायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण तू सही केलीस, तर लबाड मुलगी म्हणून तुझंच नाव खराब होईल.

आणि एक गोष्ट मला कुणी विचारलीच नाही. मी मंगळ मानतो, दिव्या. तुझ्याशी लग्न केलं तर त्या मुलाच्या जिवाला धोका आहे, असं मनापासून वाटत असतानाही मी ती नोंद पुसली, आणि साखरपुड्यात त्याला माझ्या हाताने पेढा भरवला. देवापुढे बसलो की त्याचाच चेहरा दिसतो.

हे तुला कळायला नको, म्हणून पत्र माझ्याकडेच ठेवतोय. उद्या साहेबांना सांगेन, भाचीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तेवढं तरी खरं आहे.

तुझा,
धर्मामामा